फॅनला पळवतंय कोण?

सकाळी साडेसात

एप्रिल म्हणजे आमच्या धंद्यात फॅनचा सीझन. द्राक्षाच्या शेवटच्या गाड्या निघून गेलेल्या असतात, जोपूळ रोडच्या मार्केटला उन्हाळ कांदा यायला लागलेला असतो, लग्नतिथी जोरात असतात आणि दुकानात येणाऱ्या सीपीयूंची तक्रार एकच असते: आवाज लई करतोय. बंद पडत नाही, हँग होत नाही, बिलं निघतात, फक्त सकाळी चालू केल्यापासून घूंऽऽ सुरू. गिऱ्हाईक दारातूनच सांगतं, "फॅन गेलाय भाऊ, नवा टाकून द्या."

मी सहसा टाकत नाही. जोरात फिरणारा फॅन बहुतेक वेळा धडधाकट असतो. संपत आलेला फॅन अडखळतो, खरखरतो, गार असताना सुरूच होत नाही, बोटानं ढकलावा लागतो. एका सुरात, पूर्ण वेगानं घोंघावणारा फॅन मदरबोर्डचा हुकूम पाळत असतो. तो बदलला तर नवा फॅनही तेच करणार, कारण हुकूम तोच राहणार. शोधायचं ते एवढंच, की हा हुकूम कुणी दिला आणि का दिला.

दुकान लवकर उघडतो ते उन्हामुळं. भिंतीला साधा थर्मामीटर आहे, आल्याआल्या आधी तो बघतो. आत्ता पंचवीस. दुपारी याच खोलीत अडतीस होतील. प्रोसेसरवरचा पत्र्यांचा हीटसिंक आणि फॅन मिळून त्याला खोलीतल्या हवेपेक्षा गार कधीच करू शकत नाहीत. हवेपेक्षा किती अंश वर ठेवायचं, तेवढंच त्यांच्या हातात. खोली पंचवीस आणि रिकामा बसलेला प्रोसेसर चाळीस, तर फरक पंधराचा, मशीन ठणठणीत. खोली पंचवीस आणि प्रोसेसर सत्तर, तर उष्णता मध्येच कुठंतरी अडलीय. म्हणून प्रोसेसरचा आकडा एकटा कधी वाचत नाही, शेजारी खोलीचा लिहितोच.

निफाड तालुक्यात तर हे विसरून चालतच नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात हिवाळ्यात पारा पाच अंशांच्याही खाली गेल्याच्या बातम्या येतात, आणि एप्रिल-मेमध्ये तोच चाळिशीला टेकतो. डिसेंबरात ज्याचा आवाज कानावरही येत नाही ते मशीन, तीच धूळ आणि प्रोसेसर-हीटसिंकमधली तीच वाळकी पेस्ट घेऊन, एप्रिलात बोंबलायला लागतं. माणसाला वाटतं कालपरवा बिघडलं. बिघाड दिवाळीपासूनचा असतो, थंडीनं तो झाकून धरलेला.

काल पेस्ट बदललेलं एक मशीन अर्धा तास पूर्ण लोडवर सोडलं. प्रोसेसर बासष्टला जाऊन थांबला, तिथून हलला नाही. ते पुसून, चिठ्ठी लावून बाजूला ठेवलं.

सकाळी पावणेनऊ

मार्केटच्या रस्त्याला ट्रॅक्टरांची रांग लागलीय. लिलाव सुरू झाले की वजनाला गाड्या येणार, त्याच्या आत एका भुईकाट्यावरचं मशीन उरकायचं. दुकानात काम शिकायला येणारा पोरगा ब्लोअर घेऊन मागं बसलाय.

काट्यावरचे नाना वाटच बघत होते. "एक तास आहे भाऊ तुमच्या हातात. गाड्या चालू झाल्या का मला उठता येत नाही. नवा फॅन बसवा आन् मोकळे व्हा."

"आधी बघू तर द्या, नाना."

काट्याची केबिन म्हणजे दहा बाय आठची खोली, खिडकी थेट प्लॅटफॉर्मकडे. प्रत्येक गाडीसोबत धूळ आत येते, डिझेलचा धूर येतो, आणि सीपीयू ठेवलेला खाली, फरशीवर, टेबलाच्या कोपऱ्यात. चालू स्थितीतच आधी तापमान घेतलं. खोली एकोणतीस, प्रोसेसर चौऱ्याण्णव, फॅन मिनिटाला पावणेचार हजार फेरे. शंभराच्या आसपास गेलं की प्रोसेसर स्वतःला वाचवायला आपला वेग आपणच कमी करतो. नानांची दुसरी तक्रार, पावती निघायला वेळ लागतो, ही त्यातलीच. त्यांनी त्यासाठी प्रिंटर दुरुस्त करून घेतला होता.

बंद केलं, वायर काढली, कॅबिनेटची बाजू उघडली. तळाला कांद्याची टरफलं. तांबूस, पातळ, फुंकर मारली तरी सरकणारी. फॅनची पाती मात्र बऱ्यापैकी स्वच्छ. कुणीतरी मधूनमधून वरून ब्रश फिरवत असणार. पोरगा म्हणाला, "दादा, फॅन तर साफ आहे." त्याला म्हटलं, चार स्क्रू काढ आणि फॅन वर उचल.

फॅन उचलला आणि खरा प्रकार दिसला. हीटसिंकच्या पत्र्यांच्या तोंडावर गोधडीच्या अस्तरासारखा दाट थर. चिमटीत धरून ओढला तर अख्खा निघाला, फॅनच्या मापाचा, गोल. उजेडाला धरून पाहिला. खाली टरफलाचे तुकडे एकमेकांवर आडवे बसलेले आणि वर बारीक लाल माती, दाबून भरल्यागत. नाना टेबलापलीकडून वाकून बघत राहिले.

कांद्याच्या गावात हे असंच होतं, आणि का होतं ते समजलं की साफ कसं करायचं हेही समजतं. टरफल हलकं आणि रुंद असतं. फॅन ते ओढून घेतो, पाती त्याचे तुकडे करतात, पण पत्र्यांच्या मधली फट जेमतेम दोन मिलिमीटरची. तुकडा त्या फटीतून पार होत नाही, तोंडावर आडवा पडतो. नुसती माती असती तर बरीचशी वाऱ्याबरोबर निघून गेली असती. टरफलाची चाळणी तयार झाल्यावर एक कणही पार जात नाही. मग हवा पत्र्यांमधून न जाता वरच्या वर परत फिरते, प्रोसेसर तापतो, मदरबोर्ड फॅनला आणखी पळवतो, आणि जोरात फिरणारा फॅन आणखी टरफलं ओढतो. वरून ब्रश मारणं म्हणजे तो थर आत दाबणं. हवा ज्या बाजूनं शिरते त्याच्या उलट बाजूनं ब्लोअर मारावा लागतो.

पोरानं ब्लोअर फॅनकडे वळवला, तसा त्याला थांबवलं. पातीत पेन्सिल अडकवायची, मगच हवा मारायची. मोकळा फॅन ब्लोअरनं गरागरा फिरला तर बेअरिंग खातं, आणि बोर्डाला जोडलेला असेल तर तो स्वतःच वीज तयार करून उलटी बोर्डात पाठवतो.

जुनी पेस्ट निघत नव्हती, खडूसारखा भुगा झालेला. स्पिरिट लावून लावून पुसली. नवी वाटाण्याएवढी. फॅन बसवला, सुरू केलं. खोली तीस झाली होती, प्रोसेसर अठ्ठेचाळीसवर बसला, फेरे चौदाशे. पावती लगेच निघाली.

मशीन जोडत होतो तेव्हा खिडकीशी एक शेतकरी येऊन उभे होते, ट्रॅक्टर लावून. त्यांनी हळूच विचारलं, "भाऊ, हे तापलेलं असताना वजनात फरक तर नसंल ना पडत?" त्यांचं विचारणं अगदी रास्त होतं. त्यांना तिथल्या तिथं दाखवलं: वजन मोजणारे लोडसेल प्लॅटफॉर्मखाली, आकडा दाखवणारा इंडिकेटर वेगळा, कॉम्प्युटरला त्यातून वायरनं फक्त आकडा येतो. कॉम्प्युटर तापला तर पावती उशिरा निघेल, वजन बदलणार नाही. ते समजून घेऊन, इंडिकेटरवरचा आकडा आणि पावतीवरचा आकडा ताडून, मग गेले.

निघताना सीपीयू फरशीवरून उचलून खिडकीच्या विरुद्ध भिंतीला, कंबरेच्या उंचीवर ठेवला. हवा आत जाते तिथं डासाच्या जाळीचा तुकडा लावला. जाळी मी सगळ्यांना लावत नाही. जाळीच तुंबली आणि कुणी झटकली नाही तर होतं त्याहून वाईट. नानांना मात्र सांगितलं, मार्केटला सुट्टी असेल त्या दिवशी जाळी काढायची, झटकायची, परत लावायची. ते करतील. पावती उशिरा निघाली की रांगेतल्या माणसांच्या शिव्या त्यांनाच खाव्या लागतात.

सकाळी अकरा

निफाड फाट्याकडचं एक कृषी सेवा केंद्र. इथला आवाज वेगळा. बटण दाबल्या क्षणापासून पूर्ण वेग, कमी नाही, जास्त नाही, दिवसभर तसाच. काट्यावरचा फॅन चढत-उतरत होता, काम वाढलं की ओरडायचा. हा फरक माझ्यासाठी अर्धं निदान असतो. चढतो-उतरतो तो तापमानाच्या मागं धावतोय. सतत एकाच वेगानं फिरतो त्याला तापमान विचारतच नाहीये कुणी.

प्रोसेसर छत्तीस. म्हणजे गारगार. मग मालकांनी बोलता बोलता सांगितलं, की रोज सकाळी तारीख चुकलेली असते, काल जीएसटीचं एक बिल आठ वर्षांपूर्वीच्या तारखेनं निघालं. एवढं पुरे होतं.

मदरबोर्डवर रुपयाच्या मापाचा एक सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. वीज नसताना घड्याळ आणि बायोसच्या सेटिंग तो सांभाळतो. सेल उतरला तरी भिंतीवरचं बटण चालू असेल तोवर एसएमपीएसच्या, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, थोड्याशा विजेवर घड्याळ चालतं. हे लोक रात्री दुकान बंद करताना मेन बटण बंद करतात, म्हणून रोज सकाळी तारीख मागं. तारखेसोबत फॅनची सेटिंगही पुसली जाते, हे त्यांच्या लक्षात यायचं कारणच नव्हतं. फॅन तीन पिनांचा होता. चार पिनांच्या फॅनला चौथ्या तारेवरून वेगाचा इशारा मिळतो, तीन पिनांच्या फॅनचा वेग फक्त व्होल्टेज कमी-जास्त करून बदलता येतो. जोडणाऱ्यानं बायोसमध्ये तशी सेटिंग करून ठेवली होती. सेल उतरल्यावर बोर्ड आपल्या मूळच्या चार पिनांच्या पद्धतीवर गेला, चौथ्या तारेवर इशारे देत बसला, आणि ती तारच नसलेल्या फॅनला सलग बारा व्होल्ट मिळत राहिले. सेल बदलला, सेटिंग व्होल्टेजवर आणली, दुकानात एकदम शांत झालं. रस्त्यावरच्या गाड्या ऐकू यायला लागल्या.

काम झालं होतं, पण मी तिथं थोडा थांबलो. कॉम्प्युटरच्या मागं सल्फरच्या गोण्यांची थप्पी होती. द्राक्षावर भुरी रोगासाठी गंधक आपल्याकडे घरोघर वापरतात. त्याच गंधकानं तांबं आणि चांदी काळी पडते, आणि बोर्डावरच्या सूक्ष्म जोडण्यांत दोन्ही असतात. इथं रॅमच्या शेजारचे दोन कनेक्टर काळवंडायला लागले होते. आज त्यानं काही अडलं नव्हतं. मालकांना सांगितलं, टेबल पुढं काउंटरला घ्या, गोण्या मागच्या खोलीत. त्यांनी माणसाला हाक मारून लगेच गोण्या हलवायला लावल्या.

दुपारी एक

डबा खाता खाता एक काम झालं. शिरसगावच्या बाजूनं एक जण सीपीयू मोटरसायकलवर पुढं आडवा ठेवून घेऊन आलेला. "घरी थोडा आवाज होता, इथं येईपर्यंत जास्त झाला." चालू केल्यावर दहा सेकंदांत पूर्ण वेग, मिनिटाभरात बंद. उघडून हीटसिंक हलवला तर एक कोपरा डुगडुगत होता. अशा कूलरला चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात, त्या बोर्डाच्या भोकांत दाबून फिरवायच्या. त्यातली एक रस्त्यानं हादरून निघाली होती. एक कोपरा केसभर उचलला तरी पत्रा आणि प्रोसेसरमध्ये हवा शिरते, आणि हवेतून उष्णता जात नाही.

खुंट्या बसवताना समोरासमोरच्या कर्णावर दाबायच्या, एकाच बाजूच्या दोन आधी दाबल्या तर उरलेल्या कधीच नीट बसत नाहीत. चारही बसल्या की बोर्ड उलटा करून मागून बघायचं, चारी टोकं भोकाबाहेर दिसली पाहिजेत. हे पोराच्या हातून करून घेतलं. पैसे घेतले नाहीत, पाच मिनिटांचं काम. जाताना त्यांना सीपीयू उभा धरायला सांगितला आणि मागं एक माणूस बसवायला.

दुपारी तीन

फोटो स्टुडिओ. लग्नाचे व्हिडिओ तयार व्हायला पडलेत, नवरीकडचे रोज फोन करतात, आणि एडिटिंगच्या मशीनजवळ बसवत नाही इतका आवाज. हे मशीन नवं आहे, भारी ग्राफिक कार्डाचं, पुढं काचेची पाटी आणि रंगीत दिवे.

इथं गिऱ्हाइकाला आधी एक समजावून सांगावं लागतं. तासाभराचा व्हिडिओ रेंडर होत असताना कार्डाचे फॅन वाजणारच. काम चालू असतानाचा आवाज बिघाड नसतो. काम संपल्यावर दोन-तीन मिनिटांत तो खाली आला पाहिजे, तो येत नसेल तर बघायचं. इथं येत नव्हता.

दोन कारणं निघाली. पुढच्या काचेच्या आणि फॅनच्या मध्ये बोटभर जागा, हवा शिरायला वाटच नाही. आणि मागचा फॅन उलटा. फॅनच्या चौकटीवर बाजूला दोन बाण कोरलेले असतात, एक पाती कोणत्या दिशेनं फिरतात त्याचा, दुसरा हवा कुठं जाते त्याचा. मागच्या फॅनचा हवेचा बाण आत वळलेला होता. पुढून हवा आत, मागूनही आत, आणि कार्डानं सोडलेली गरम हवा मधोमध कोंडलेली. फॅन काढून फिरवून लावला. काचेच्या पाटीखाली चारी कोपऱ्यांना रबरी बूच देऊन ती पाऊण इंच पुढं घेतली.

त्यांचा प्रश्न होता, एक मोठा जोरदार फॅन आणखी लावू का. मी म्हटलं, लावायचाच तर हळू फिरणारा मोठा लावा. फॅनचा वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट मिळते, पण आवाज पंधराएक डेसिबलनं चढतो आणि वीज आठपट लागते. हेच उलट धरलं तर दोन फॅन निम्म्या वेगानं फिरवले की हवा तेवढीच आणि खोलीत माणूस बसू शकतो. स्टुडिओवाले हिशेबाला पक्के, त्यांनी लगेच आकडे लिहून घेतले.

दुपारी साडेचार

एक पतसंस्था. कॅशियरच्या टेबलाखाली आवाज. कॉम्प्युटर बंद केला तरी आवाज चालूच. यूपीएसचा फॅन होता. बॅटऱ्या फुगल्या होत्या, यूपीएस चार्जिंग सोडतच नव्हता आणि तापत होता. बॅटऱ्यांचा नंबर लिहून घेतला, यूपीएस तिथल्या तिथं बंद करून बाजूला काढला. फुगलेली बॅटरी चालू ठेवायची नाही, त्यावर मी कुणाचं ऐकत नाही.

आवाज नक्की कुठून येतो हे ठरवायला जाड कागदाची नळी करून एक टोक कानाला आणि दुसरं एकेका फॅनजवळ न्यायचं. अर्ध्या मिनिटात कळतं. हे न करता फॅन बदलून घेतलेले लोक महिन्यातून कितीतरी भेटतात.

संध्याकाळी सहा

आजच्या दिवसात मला ज्याची खरी काळजी वाटली ते काम हे. एक ताई सेवा केंद्र चालवतात. उत्पन्नाचे दाखले, सातबारा, नॉन क्रीमीलेअर, पोरांचे सीईटीचे फॉर्म. त्यांनी सांगितलेलं लक्षण ऐकूनच कान टवकारले होते. "दादा, मी काही करत नसले ना, की आवाज सुरू होतो. काम करायला बसले की कमी."

तापायचं ते काम करताना. हे उलटं का?

माऊसला हात न लावता खुर्चीत बसून राहिलो. चार-पाच मिनिटांनी फॅन चढला, वर गेला, तिथंच राहिला. हात लांब करून टास्क मॅनेजर उघडला. उघडताक्षणी फॅन उतरायला लागला. प्रोसेसरचा वापर चार टक्के, सगळं स्वच्छ. टास्क मॅनेजर बंद केला, थांबलो. परत चढला. परत उघडला, परत उतरला. ताई आणि पोरगा दोघंही बघत होते. पोरगा म्हणाला, "त्याला कळतंय आपण बघतोय ते."

खरंच कळत होतं. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर चोरून आभासी चलन काढणारे प्रोग्राम असतात, त्यातले कित्येक टास्क मॅनेजर उघडला की लगेच थांबतात आणि बंद केला की पुन्हा सुरू होतात. मोनेरो नावाचं चलन २०१९ च्या अखेरीपासून अशा पद्धतीवर चालतं की साध्या प्रोसेसरवरही ते काढता यावं, म्हणून गावातला सेवा केंद्राचा कॉम्प्युटरही यांना चालतो. मशीन ताईंचं, वीज ताईंची, कमाई कुणा भलत्याची. प्रोसेसर पूर्ण लोडवर ठेवला तर शंभरएक वॅट जादा ओढले जातात, दहा तासांत एक युनिट. पण विजेचं सोडा.

खात्री करायला इंटरनेटची वायर काढली आणि नुसते बसलो. असा प्रोग्राम बाहेरच्या सर्व्हरकडून काम आणतो. वायर नसेल तर त्याला काम नाही. फॅन चढलाच नाही. वायर लावली, थोड्या वेळानं चढला. मग आत शिरलो. टास्क शेड्युलरमध्ये विंडोजच्याच एका सेवेशी मिळतंजुळतं नाव लावलेली नोंद, अक्षर एकच वेगळं. ती चालत होती एका लपवलेल्या फोल्डरमधून. आणि विंडोज डिफेंडरच्या सेटिंगमध्ये अख्खा सी ड्राइव्ह तपासणीतून वगळलेला. म्हणजे घरात शिरलेल्यानं आधी कुलपाचीच सोय लावली होती.

"ताई, इथं कुणी फुकटचं काही टाकलं होतं?"

फोटो लहान-मोठे करायचं सॉफ्टवेअर होतं, क्रॅक केलेलं. कुणीतरी पेनड्राइव्हवर आणून दिलेलं. फॉर्मला फोटो ठरावीक केबीमध्ये लागतो, त्यासाठी. या कामाला ते लागतच नाही, विंडोजच्या साध्या पेंटमध्येही फोटो लहान करता येतो. ते त्यांना शेजारी बसून दाखवलं.

मग डाउनलोड फोल्डर उघडला आणि मला बरं वाटलं नाही. लोकांची आधार कार्डं, पॅन कार्डं, बँकेची पासबुकं, मुलींचे फोटो, सह्या. गावातल्या किती माणसांचे कागद तिथं पडलेले होते. चलन काढणारा प्रोग्राम ज्या दारानं आला त्याच दारानं आणखी काय आलं असेल, हे टास्क मॅनेजर सांगत नाही. म्हणून नोंद पुसून, फाइल उडवून, पैसे घेऊन निघून जाणं मला पटत नाही. ताईंना स्पष्ट सांगितलं: विंडोज पूर्ण नवी टाकू. आधीची एकही सॉफ्टवेअरची फाइल परत आणायची नाही, फक्त कागदपत्रं, तीही तपासून. पोर्टलचा, मेलचा, बँकेचा पासवर्ड आज रात्रीच बदला, या मशीनवर नाही, घरच्या फोनवरून. आणि काम झालं की गिऱ्हाइकाचे कागद त्याच्यासमोर डिलीट करायचे, रिसायकल बिनमधूनही.

"उद्या फॉर्मची शेवटची तारीख आहे, दादा."

उद्याच्या दिवसासाठी दुकानातलं माझं स्वतःचं मशीन त्यांना देऊन आलो. त्यांचं सोबत घेतलं.

रात्री आठ

दिवसातलं शेवटचं काम, एका निवृत्त गुरुजींचं. जुनं मशीन, आवाज खरखरीचा. गार असताना जास्त, तापल्यावर थोडा कमी. सकाळी म्हटलं तसा संपत आलेला फॅन तो हा. फक्त हा एसएमपीएसच्या आत.

गुरुजींना कुणीतरी सांगितलं होतं, डबा उघडायचा, फॅनच्या मध्याचं स्टिकर सोलायचं, शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब टाकायचा. कॅबिनेटच्या साध्या फॅनला ते चालतं, काही महिने निघतात. एसएमपीएसचा डबा मात्र मी उघडत नाही आणि पोरालाही उघडू देत नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट किंवा त्याहूनही जास्त दाब असतो आणि वायर काढल्यावरही तो लगेच उतरतो असं नाही. गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी पोरांना आयुष्यभर सांगितलं, ओल्या हातानं बटणाला हात लावू नका. आता मीच उघडायला निघालो होतो. केवढ्याचा येईल नवा?"

बाजारात दोन दर आहेत. स्वस्तातला हातात घेतला की हलका लागतो, कारण आतलं तांबं आणि हीटसिंक वाचवलेलं असतं, आणि तो दोन उन्हाळ्यांत पुन्हा हाच आवाज करायला लागतो. दुसरा दीडपट किमतीचा, वजनदार, खाली मोठा फॅन असलेला. मोठा फॅन हळू फिरून तेवढीच हवा देतो. दोन्ही किमती सांगितल्या. गुरुजींनी दुसरा सांगितला आणि शंभर रुपये कमी करायला लावले.

नाशिकला एम. जी. रोडला फोन लावून दोन नग सांगितले, एक गुरुजींना, एक दुकानात शिलकीला. सकाळच्या गाडीनं येतील. पोरानं ताईंचं मशीन टेबलावर घेतलं, हार्ड डिस्क काढून बाजूला ठेवली आणि विंडोजचा पेनड्राइव्ह लावला.